तबेल्यातल्या म्हशीचा मुका माज हुकू नये म्हणून

दुधाची नोंद ठेवा, हे कुणीही सांगेल. ठेवाच. कानातल्या बिल्ल्याच्या १२ अंकी नंबरापुढे दोन्ही वेळचं दूध आणि व्यायल्याची तारीख लिहा. वही चालते, मोबाइलही चालतो. पण आमच्या आरे कॉलनीतल्या तबेल्यात पैसा बुडायचा तो माज, म्हणजे म्हैस गाभण राहू शकते तो काळ, हुकल्यामुळे.

म्हैस साधारण २१ दिवसांनी माजावर येते, फार तर दिवसभर राहते. गाईसारख्या दुसऱ्या जनावरावर उड्या ती क्वचितच मारते, म्हणून माज मुका, म्हणजे कळून न येता, जातो. एकदा हुकली की तीन आठवडे गेले. तेवढे दिवस चारा-पेंड चालू, शेण चालू, रवंथातला मिथेनही चालू, आणि पुढचं वेत लांबणीवर. असं दोन-चारदा झालं की भाकड म्हणून विकायची पाळी येते.

माज ओळखायला मी गळ्यात बांधायचे पट्टेही घेऊन बघितले. ते हालचाल मोजतात. दावणीला बांधलेली म्हैस हलणार किती? मोकळ्या गोठ्यात घ्या, तबेल्यात नको.

माझी खरी चूक वेगळीच होती. पहिली दोन वर्षं मी सकाळी सातला पाहणी करायचो. तोवर गड्याने पाइप लावून जमीन लख्ख धुतलेली! सोट, म्हणजे माजात योनीतून गळणारा चिकट स्राव, गटारात गेलेला, आणि मी वहीत लिहितोय, ‘लक्षण नाही’. आता रात्री दोनला, धारा काढायच्या आधी, बॅटरी घेऊन फिरतो. म्हैस बसलेली असली की पोटाच्या दाबाने सोट बाहेर येतो. तो अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखा, पारदर्शक, तार धरणारा असतो आणि शेपटीला चिकटलेला सापडतो. पाहणी झाल्याशिवाय पाइप सुरू करायचा नाही, हे गड्याला बजावून ठेवा. सोट गढूळ असेल किंवा वास मारत असेल तर कृत्रिम रेतन करू नका, आधी डॉक्टरांना दाखवा.

थोडी थोडी लघवी, रेकणं, पान्हा चोरणं, हेही बघा. पण नुसतं दूध घटलं म्हणून माज समजू नका. मे महिन्यात उकाड्यानेही घटतं.

व्यायल्यावर दोन महिन्यांनी भरवायला, म्हणजे रेतन करायला, सुरुवात करा. माज सकाळी दिसला तर संध्याकाळी रेतन, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी. तारीख लिहा, १८व्या दिवसापासून पुन्हा बॅटरी. माज दिसला नाही म्हणजे गाभण, असं धरू नका. तो पुन्हा मुका गेलेला असू शकतो. रेतनानंतर दोन महिन्यांनी डॉक्टरांकडून तपासून घ्या, मगच वहीत ‘गाभण’ लिहा.