डाएट सुरू केल्यावर डोकं जड होतंय? आधी दिवस मोजा

साखर बंद, मैदा बंद, चहा बंद, भात बंद. सोमवारी सगळं एकदम बंद होतं आणि गुरुवारपर्यंत माणूस जांभया देत बसतो. वाचलेली ओळ परत वाचावी लागते, जिना चढताना पाय भरून येतात. ‘शरीरातली घाण बाहेर पडतेय, सोसा’ असा सल्ला अशा वेळी हमखास मिळतो. तो मनावर घेऊ नका. या थकव्याची कारणं साधी असतात, आणि बदल केल्यापासून कितव्या दिवशी तो सुरू झाला यावरून बहुतेक वेळा कारण सापडतं.

पहिल्या-दुसऱ्या दिवशीच डोकं ठणकायला लागलं, तर संशय चहावर घ्या. कॅफीन तुटल्याचा त्रास शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांत सुरू होतो, दुसऱ्या दिवसाच्या आसपास सर्वांत जास्त असतो आणि साधारण आठवड्यात उतरतो. चार कप चहावरून थेट दोन कप ग्रीन टीवर आलेल्यांनाही हेच होतं. ग्रीन टीत कॅफीन असतं, पण कमी. दर तीन दिवसांनी एक कप कमी करा. संध्याकाळचा आधी सोडा, सकाळचा शेवटी. साखर त्यानंतर हळूहळू अर्ध्या-अर्ध्या चमच्याने उतरवा.

तिसऱ्या दिवसापासून आठवडाभरात उठताना अंधारी येत असेल, पोटऱ्यांत गोळे येत असतील, तर ते मीठ-पाण्याचं दुखणं. पोळी, भात, साखर एकदम तोडली की इन्सुलिन उतरतं आणि मूत्रपिंडं जास्त सोडियम बाहेर टाकतात. यकृत आणि स्नायूंत साठवलेली साखर संपते, तीही ग्रॅममागे सुमारे ३ ग्रॅम पाणी घेऊन. पहिल्या आठवड्यात काट्यावर जे दोन किलो उतरलेले दिसतात, त्यातलं बरंचसं हेच पाणी. त्यात पापड-लोणचं-फरसाणही त्याच सोमवारी सुटलेलं असतं, म्हणजे मीठ दोन्हीकडून कमी.

यावर ताक उत्तम. अर्धी वाटी दही, दीड पेला पाणी, पाव चमचा मीठ, चिमूटभर जिरेपूड, दुपारी एकदा. रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नका. पहिले दोन आठवडे प्रत्येक जेवणात एक भाकरी किंवा वाटीभर भात राहू द्या, कमी करायचं ते त्यानंतर.

दहा-पंधरा दिवस झाले तरी थकवा जात नाही

इथे बहुतेकांचं एकच चुकतं: खाणं चांगलं असतं, पण पुरेसं नसतं. काकडी, पपई, सूप यांनी पोट भरतं, ताकद भरत नाही. एक नेहमीचा ‘हेल्दी’ दिवस मांडून बघा. सकाळी लिंबू-मध पाणी, मग वाडगाभर पपई: ८० कॅलरी. दुपारी ज्वारीची एक भाकरी, पालेभाजी, कोशिंबीर: २८०. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ९०. रात्री भाज्यांचं सूप: ८०. बेरीज जेमतेम ५३०, आणि प्रथिनं १७-१८ ग्रॅम.

बैठं काम करणाऱ्या ५५ किलोच्या स्त्रीला दिवसाला १६६० आणि ६५ किलोच्या पुरुषाला २११० कॅलरी लागतात, असं आयसीएमआरचं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं) २०२० चं कोष्टक सांगतं. प्रथिनं वजनाच्या किलोमागे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोला ५०. वजन उतरवायचं असलं तरी गरजेपेक्षा ३००-५०० कॅलरी कमी पुरे. एक तृतीयांशावर डोकं चालणार कसं?

ताटातलं काही काढू नका, भर घाला:

- सकाळी पपईसोबत दोन अंडी, किंवा ६० ग्रॅम मूगडाळीची धिरडी. अंड्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं, धिरड्यांतून १४.
- दुपारी भाकरी दीड-दोन, आणि मटकीची घट्ट उसळ. कोरडी मटकी माणशी ४० ग्रॅम मोजून भिजवा. पातळ वरणाच्या वाटीत डाळ किती असते, ते वाटी तळापर्यंत ढवळून एकदा बघाच.
- संध्याकाळी फुटाण्यांत तेवढेच शेंगदाणे. ३० ग्रॅम दाण्यांत १७० कॅलरी.
- रात्री सूपच्या आधाराला मूगडाळीची खिचडी किंवा ५० ग्रॅम पनीर. उपाशी झोपलेला माणूस पहाटे तीनला टक्क जागा होतो आणि दुसऱ्या दिवशी दोष भाकरीला देतो.

फोडणीचं तेलही शून्यावर आणू नका. पोट फुगून झोप मोडत असेल तर कच्च्या मोडांवर संशय घ्या. ती वाफवून खा आणि कोशिंबिरी-कडधान्यं दोन-तीन आठवड्यांत टप्प्याने वाढवा.

मधुमेह किंवा रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर

इथे वाट बघू नका. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना भात-पोळी कमी केली की जुना डोस जड पडतो. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं वाटलं तर ग्लुकोमीटर लावा. आकडा ७० (मिग्रॅ/डेसीलिटर) च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्या, १५ मिनिटांनी परत मोजा. मीटर जवळ नसेल तरी साखर घ्याच. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी तर डॉक्टरांशी बोलल्याशिवाय पिष्टमय खाणं तोडूच नये. त्यांना रक्तातली साखर फारशी वाढलेली नसतानाही रक्तात आम्ल साचण्याचा धोकादायक प्रकार, म्हणजे कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो. मळमळ, उलट्या, पोटदुखी, धाप लागली तर सरळ रुग्णालय गाठा. रक्तदाबाची गोळी घेणाऱ्यांनी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा बीपी मोजावं.

पोटभर खाऊन, नीट झोपूनही महिन्यानंतर मरगळ कायम असेल, तर डाएटला दोष देणं थांबवून सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), फेरिटिन (लोहाचा साठा), बी-१२ जीवनसत्त्व, टीएसएच (थायरॉइड) आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) या रक्ततपासण्या करून घ्या. बी-१२ चा साठा संपायला वर्षं लागतात, त्यामुळे या महिन्यात दूध सोडलं म्हणून तो आटलेला नसतो. कमतरता निघाली तर ती जुनीच. तपासणीसाठी रक्त लोहाच्या किंवा बी-१२ च्या गोळ्या सुरू करण्याआधी द्या. नंतर दिलं तर आकडा वर गेलेला दिसतो आणि आधी किती होता ते कळत नाही.