निग्रोसीन आणि इओसीन: आम्लधर्मी रंजकांनी पेशी कशा पाहाव्यात

आम्लधर्मी रंजकाचा रंग देणारा भाग ऋणभारित असतो आणि जीवाणूंच्या पृष्ठभागावरही ऋणभारच असतो. त्यामुळे निग्रोसीन पेशीत शिरत नाही, भोवतालच्या काचेवर पसरते आणि काळसर पार्श्वभूमीवर पेशी बिनरंगी, उजळ दिसते.

नाशिकमध्ये द्राक्षांच्या हंगामात आंबवलेल्या द्राक्षरसातील यीस्ट हा उत्तम नमुना ठरतो. एरवी दह्यावर सुटलेले पाणी घ्यावे. घट्ट दही मात्र टाळावे, कारण त्यातील स्निग्धाचे थेंबही निग्रोसीनमध्ये उजळ दिसतात आणि नवशिक्यांना ते गोल जीवाणू वाटतात. थेंबांचे आकार लहानमोठे असतात, तर एकाच जातीच्या जीवाणूंचे आकारमान बरेचसे सारखे असते.

स्पिरिटने पुसून तेलकटपणा घालवलेल्या काचपट्टीच्या एका टोकाजवळ सुमारे १० टक्के निग्रोसीनच्या द्रावणाचा लहानसा थेंब ठेवून त्यात लूपभर (तारेच्या बारीक कड्यात मावेल इतका) नमुना मिसळावा. दुसरी काचपट्टी ३० ते ४५ अंशांत तिरपी धरून मागे ओढत थेंबाला टेकवावी, थेंब तिच्या कडेने पसरला की एकाच सलग हालचालीत पुढे ढकलावी. थेंब मोठा झाला की लेप जाड होतो आणि वाळताना त्याला भेगा पडतात. माझ्या मते या प्रयोगातील बहुतेक अपयशाचे मूळ येथेच असते. लेप हवेतच वाळू द्यावा. पावसाळ्यातील दमट हवेत याला वेळ लागतो. पंख्याखाली ठेवण्यास हरकत नाही, परंतु ज्योतीवर धरू नये, कारण उष्णतेने पेशी आक्रसतात आणि आकार व आकारमान अचूक पाहण्याचा हेतूच फसतो. लेप धुवायचा नाही की टिपायचाही नाही.

तेलभिंगाखाली, म्हणजे १०० पट मोठे दाखवणाऱ्या वस्तुभिंगाने, लेपाचा राखाडी भाग शोधावा. फार काळ्या भागात पेशी झाकल्या जातात, फार फिक्या भागात उठावच राहत नाही. लेप उष्णतेने स्थिर केलेला नसल्याने त्यातील जीवाणू जिवंत असू शकतात. म्हणून हातमोजे वापरावेत आणि निरीक्षणानंतर काचपट्टी थेट जंतुनाशकात टाकावी.

इओसीनचे काम वेगळे आहे. त्याच्या १ टक्का जलीय द्रावणात दर १०० मिलिलिटरला सुमारे ०.५ मिलिलिटर ग्लेशियल (जवळजवळ निर्जल) अ‍ॅसिटिक आम्ल घातले, की आम्लतेमुळे प्रथिनांच्या अमिनो गटांवर धनभार येतो आणि पेशीद्रव गुलाबी होते. गालाच्या आतल्या बाजूच्या पेशींचा लेप अल्कोहोलमध्ये स्थिर करून त्यावर हे द्रावण एक-दोन मिनिटे ठेवावे आणि शुद्ध पाण्यात क्षणभर बुडवून काढावे. पाणी अल्कधर्मी असेल तर रंग उतरतो, म्हणून नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यावर विसंबू नये. न्यूक्लिइक आम्लांवरील फॉस्फेट गट ऋणभारित असल्याने केंद्रक इओसीनने उठून दिसत नाही. त्यासाठी केंद्रक रंगवणारे हिमॅटॉक्सिलिन आधी वापरावे आणि इओसीन नंतर.