चौकटीच्या वहीवर टोरिक कोड सोडवताना

क्वांटम संगणकातील चुका कशा दुरुस्त होतात हे समजून घ्यायचे असेल, तर भौतिकशास्त्रज्ञ अलेक्सेई किताएव यांनी १९९७ मध्ये मांडलेला टोरिक कोड, म्हणजे अशा चुका ओळखून दुरुस्त करण्याची एक पद्धत, एकदा स्वतःच्या हाताने सोडवून पाहावा. त्यासाठी चौकटीची वही आणि लाल-निळी पेन्सिल पुरते.

पाच बाय पाच घरांचे जाळे आखावे आणि त्याची उजवी कड डावीला व वरची खालचीला जोडलेली आहे असे धरावे, म्हणजे कागद सायकलच्या ट्यूबसारखा मिटतो. आता २५ कोपरे आणि ५० रेघा उरतात. क्यूबिट, म्हणजे क्वांटम संगणकातील माहितीचे मूळ एकक, रेघेवर बसतो, कोपऱ्यावर नाही; सुरुवातीला इथेच गफलत होते. प्रत्येक कोपऱ्याला मिळणाऱ्या चार क्यूबिटांची एक्स-तपासणी आणि प्रत्येक घराभोवतीच्या चार क्यूबिटांची झेड-तपासणी होते; पहिली झेड-चुकांची (० आणि १ मधील चिन्ह उलटवणाऱ्या) आणि दुसरी एक्स-चुकांची (० आणि १ ची अदलाबदल करणाऱ्या) संख्या सम की विषम एवढेच सांगते. प्रत्येक प्रकारातील एक तपासणी बाकीच्यांवरून ठरत असल्याने स्वतंत्र तपासण्या ४८ भरतात, आणि ५० क्यूबिटांत दोन क्यूबिटांची माहिती साठवता येते.

कोणत्याही दोन रेघा लाल कराव्यात. या झेड-चुका झाल्या. ज्या कोपऱ्याला विषम संख्येने लाल रेघा मिळतात तिथे ठिपका द्यावा, आणि फक्त ठिपके दुसऱ्या कागदावर उतरवून घ्यावेत, कारण यंत्राला तेवढेच दिसते. ठिपक्यांच्या जोड्या कमीत कमी निळ्या रेघांनी जोडाव्यात आणि मग दोन्ही कागद एकमेकांवर ठेवावेत. निळी वाट लाल वाटेवरूनच गेली पाहिजे असे मुळीच नाही; दोन्ही मिळून होणारे वेटोळे ट्यूबला फेरी घालत नसेल, तर दुरुस्ती अचूक ठरते.

आता एकाच ओळीतील सलग तीन रेघा लाल करून पाहाव्यात. निळी पेन्सिल मागच्या बाजूने दोनच रेघांत काम उरकते, ट्यूबभोवती पूर्ण फेरी होते, सगळ्या तपासण्या निर्दोष येतात, आणि तरीही साठवलेली माहिती बिघडलेली असते. सर्व तपासण्या पार करणाऱ्या परस्पर स्वतंत्र अवस्था चार असून जाळ्याचा एखादा तुकडा तपासून त्या वेगळ्या ओळखता येत नाहीत. ज्या पदार्थातील क्यूबिट हेच नियम पाळतात त्याच्या अवस्थेला टोपोलॉजिकल, म्हणजे तुकड्यावर नव्हे तर एकूण आकाराच्या जोडणीवर अवलंबून असलेली, म्हणतात ते यामुळेच.

असा पदार्थ थंड करून ठेवला की काम झाले, असे मात्र समजू नये. ठिपक्यांची जोडी निर्माण व्हायला ऊर्जा लागते, पण ते एकमेकांपासून दूर सरकायला जास्तीची लागत नाही, म्हणून तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. ती स्वतःही चुकू शकत असल्याने प्रत्येक फेरीचा कागद आधीच्या कागदावर रचावा, ज्या कोपऱ्याचे उत्तर बदलले तिथेच ठिपका द्यावा, आणि जोड्या लावताना निळी रेघ एका कागदावरून दुसऱ्यावर उभीही जाऊ द्यावी; अशी उभी रेघ म्हणजे तपासणीतली चूक.