पावसात गल्लीतून चालत व्हिडिओ काढताय? आधी या चुका टाळा

पुण्यात राहणाऱ्या चुलत भावानं गेल्या सप्टेंबरात सांगितलं, दादा आपल्या सोलापूरच्या गल्लीतल्या पावसाचा एक व्हिडिओ काढून पाठव ना, एडिट बिडीट काही नको, नुस्ता चालत काढ, घरगुती. मी काढला, बावीस मिनिटांचा. डोक्यापासून पायापर्यंत चिंब झालो, चप्पल तुटली. दोन तासांनी त्याचा मेसेज आला, "दादा सगळं बघितलं, पण पाऊस कुठंय?"

बघतो तर खरंच. रस्ता ओला, लोक छत्र्या घेऊन पळतायत, आणि पावसाची एक धार दिसेल तर शपथ.

म्हणून पहिली चूक हीच, आणि बहुतेकांचं घोडं इथंच अडतं. पावसाचा थेंब म्हणजे काचेसारखा, मागं पांढरं आभाळ असलं की तो दिसतच नाही. त्याच्यामागं काळोख पाहिजे आणि उजेड समोरून, म्हणजे थेंबाच्या पलीकडून, आपल्याकडं यायला पाहिजे. आभाळ फ्रेममध्ये कमीत कमी घ्या. एखाद्या बंद दुकानाचं काळं शटर, कडुलिंबाची गच्च फांदी, यंत्रमागाच्या शेडचा अंधारा दरवाजा असं काहीतरी मागं ठेवा, आणि समोरून रिक्षाचा हेडलाईट आला किंवा भज्याच्या गाड्यावरचा बल्ब लागला की तिथंच थांबा. मी रिक्षाला पाठ करून चाललो होतो, बावीसच्या बावीस मिनिटं.

दुसरं कारण शटर स्पीड, म्हणजे एकेक चित्र घेताना कॅमेऱ्याचा डोळा किती वेळ उघडा राहतो ते, १/५०० म्हणजे सेकंदाचा पाचशेवा भाग. मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटरनं खाली येतो. फोन ऑटोवर असला आणि त्यानं १/५०० घेतलं तर तेवढ्यात थेंब बोटाच्या पेराएवढाच सरकतो, म्हणजे नुस्ता ठिपका, आणि तो कुणाला दिसणारे. १/५० ठेवलं तर तोच थेंब जवळजवळ वीतभर ओढला जातो आणि मग ती धार दिसते. प्रो व्हिडिओ मोड असेल तर त्यात जाऊन १/५० करा, आयएसओ (कॅमेरा उजेड किती वाढवून दाखवतो तो आकडा) एकदम खाली. दिवसा उजेड जास्त असला की १/५० ला चित्र पांढरंफटक पडतं, तेव्हा १/१०० चालतं. प्रो मोड नसेल तर स्क्रीनवर उजळ जागी बोट दाबून धरा, एक्सपोजर, म्हणजे चित्राचा उजेड, लॉक होतं, मग ते बोटानंच थोडं खाली ओढा. लॉक नाही केलं तर फोन अंधाऱ्या बोळात उजेड वाढवतो, चौकात आल्यावर कमी करतो, सारखी उघडझाप, बघणाऱ्याचं डोकं दुखतं.

तेवढ्यातच फ्रेमचं, म्हणजे फोन सेकंदाला किती चित्रं घेतो त्याचं, पण बघून घ्या. आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला ५० फेऱ्या आणि प्रत्येक फेरीत दोनदा चढउतार, म्हणून ट्यूबलाईट आणि बरेचसे एलईडी सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतात. फोन ३० फ्रेमवर आणि शटर १/६० असलं की किराणा दुकानासमोर काळ्या पट्ट्या वर-खाली फिरायला लागतात. २५ फ्रेम आणि शटर १/५० किंवा १/१०० करा, प्रश्न मिटला. आयफोनला सेटिंगमध्ये पाल फॉरमॅट (Show PAL Formats) दाखवा असं एक बटन आहे ते चालू केल्याशिवाय २५ येत नाही. आणि ज्यांना जुन्या हँडीकॅमचा फील पाहिजे त्यांनी ते रेघारेघांचे फिल्टर सोडून द्या राव, आपल्याकडचे हँडीकॅम २५ फ्रेमवालेच होते, निम्मं काम तिथंच होतं.

सोलापूरचं अजून एक. आपण पर्जन्यछायेतले, जूनमध्ये ढग नुस्ते तोंड दाखवून जातात, खरा जोर सप्टेंबरात. तो पण संध्याकाळी, गडगडाट करत येतो आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात आटपतो. पाऊस सुरू झाल्यावर तुम्ही सेटिंग शोधत बसला, जागा नाही म्हणून फोटो डिलीट करत बसला, की झालं. फोर के ला साध्या एचडीच्या दुपटीहून जास्त जागा लागते. घरगुती व्हिडिओला एचडी खूप झालं. एसीतून उठून थेट बाहेर गेलात तर लेन्सवर वाफ धरते, फोन आधी दहा मिनिटं ओसरीत ठेवा. खिशात जुन्या सुती धोतराचा तुकडा ठेवा, शर्टानं पुसलं की लेन्सवर तेलकट फराटा येतो आणि प्रत्येक दिव्याला शेपूट फुटतं.

प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन घातला तर लेन्सपुढं भोक पाडा. ओल्या स्क्रीनवर टच मनाला येईल तसं चालतं, माझी एक क्लिप अशीच आपोआप बंद झाली, तर रेकॉर्डिंग आवाजाच्या बटनानं चालू-बंद करा. चालताना कोपर पोटाला टेकवून गुडघे थोडे वाकवून चाला. झूम अजिबात नको, जवळ पाहिजे तर जवळ जा.

आता आवाज, ज्याच्याकडं कुणी बघतच नाही. छत्रीखाली फोन धरला तर छत्रीवरचा ताडताड आवाज सोडून दुसरं काहीच येत नाही. मी छत्री सोडून दिली आणि पत्र्याच्या, गॅलरीच्या आडोशानं चालायला लागलो. बोट माईकवर येतंय का बघा, फोन आडवा धरला की नेमकं येतं. आणि बोलू नका! "हा बघा आमचा चौक, इथं बघा किती पाणी साचलंय," अरे दिसतंय की.

अशोक चौकामागच्या गल्ल्यांत मी हीच माती खाल्ली. तिथं घराघरात पॉवरलूम, खटखट चालूच असते, इतकी की राहणाऱ्याला ऐकूच येत नाही. वीज कडाडली, लाईट गेली, आणि सगळे माग एका क्षणात थांबले. त्यानंतर जी शांतता झाली त्यात पत्र्यावरून पडणाऱ्या पाण्याचा एकेक आवाज वेगळा ऐकू यायला लागला, लांब कुठंतरी कुणीतरी तेलुगूत हाक मारली. आणि माझ्या क्लिपमध्ये त्याच वेळी मी ओरडतोय, "लाईट गेली बे!" आणि पुढच्या सेकंदाला रेकॉर्डिंग बंद, कारण मला वाटलं आता अंधारात काय दिसणार.

लाईट गेली की बंद करायचं नाही. उलट जागेवर उभं राहायचं, तोंड बंद.

थांबणं हे एकूणच जमलं पाहिजे. चालत काढायचं म्हणून आपण चालतच राहतो, आणि प्रत्येक गोष्ट दोन सेकंद दिसून जाते. नळाला रोज पाणी येत नाही म्हणून पाऊस लागला की बायका पत्र्याच्या धारेखाली बादल्या, घागरी लावतात. दुसऱ्या खेपेला मी एका रिकाम्या बादलीसमोर पूर्ण एक मिनिट थांबलो. आधी तळावर टणटण, मग पाणी चढेल तसा आवाज जाड होत गेला, मग वरून बारीक होत होत काठावर आला आणि सांडलं. भावाला तेवढंच पाठवलं तर त्याचा लगेच फोन, बादली उचलली का नाही कुणी, वाया चाललंय की पाणी.

लोकांचं तोंड घेताना विचारा. दारात बिड्या वळत बसलेल्या आज्जी पाऊस आला की सूप पदराखाली घेऊन आत सरकतात, त्या गडबडीत कॅमेरा समोर धरणं बरं दिसत नाही. एक आज्जी मला "वद्दु वद्दु" म्हणाल्या, म्हणजे नको, मी फोन खाली केला. नुस्ते हात, पाय, दारातल्या चपला घेतल्या तरी घर कळतं. सिद्धेश्वर तलाव आणि किल्ला पावसात झकासच दिसतो, पण तो सगळेच काढतात, तुमच्या गल्लीतला खड्डा तुम्हीच काढणार. मात्र साचलेल्या पाण्यात, विजेच्या खांबाजवळ, उघड्या चेंबरजवळ स्क्रीनकडं बघत जाऊ नका, दोन पावलं पुढचं बघूनच पाय टाका.

घरी आल्यावर लगेच चार्जर लावायचा नाही. पोर्ट खाली करून फोन हळू झटका आणि पंख्यापुढं ठेवा. तांदळाच्या डब्यात ठेवून काही होत नाही, उलट कणी आणि पीठ पोर्टमध्ये जातं, मला टूथपिकनं काढत बसावं लागलं होतं आणि ते टूथपिक पण घालायला नको होतं. काढलेल्या क्लिपमध्ये पाऊस फिका वाटत असेल तर एडिटमध्ये जाऊन शॅडो, म्हणजे चित्रातला अंधारा भाग, थोडी खाली ओढा, कॉन्ट्रास्ट चिमूटभर वाढवा, धारा उठून येतात. पाठवताना व्हॉट्सअपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, व्हिडिओ म्हणून पाठवला तर तो दाबून बारीक करतो, आणि त्यात सगळ्यात आधी पाऊसच गायब होतो.