जुनी येझदी मोटारसायकल घरी दुरुस्त करून उभी करताय? मग या चुका टाळा

मामाची येझदी रोडकिंग आमच्या गोठ्याच्या वळचणीला वैरणीच्या मागं चौदा वर्षं उभी होती. ती बाहेर काढली तेव्हा टायर मातीला चिकटलेले, सीटमध्ये उंदरांनी घर केलेलं आणि किक मारायला गेलो तर लिव्हर जागची हललीच नाही. तरी पण टाकीचा आकार बघितला आणि ठरवलं की ही गाडी आपणच घरी दुरुस्त करून परत उभी करायची. आता ती चालते, पण दोन वर्षं आणि बरेच पैसे जास्त गेले, आणि ते सगळे ज्या चुकांत गेले त्या आता गल्लीतली पोरं माझ्यासमोर करायला लागलीत. म्हणून हे लिहितोय. माझी येझदी आहे म्हणून तिचंच उदाहरण देतो, पण राजदूत, आरएक्स हंड्रेड, जावा, सगळ्यांना यातलं बरंचसं लागू होतंय.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रंगापासून सुरुवात करणं. मी तेच केलं. टाकी पहिल्यांदा पेंटरकडं दिली, लालभडक रंग, वर क्लिअर कोट, घरात आणून टीव्हीशेजारी ठेवली होती. पाच महिन्यांनी इंजिन झालं, टाकी बसवली, पेट्रोल ओतलं आणि कॉकच्या वरच्या जोडातून थेंब थेंब गळायला लागलं. आत गंजानं बारीक भोक पडलेलं होतं. ते ब्रेझिंगनं, म्हणजे पितळ वितळवून, भरायला लागलं आणि त्या उष्णतेनं अर्ध्या टाकीचा रंग करपला. रंग आणि क्रोम हे सगळ्यात शेवटचं काम आहे. आधी गाडी गंजलेल्या अवतारातच सुरू करायची, गल्लीत चार चकरा मारायच्या, कुठं तेल गळतंय, कुठं खडखड होतंय, गिअर अडकतोय का ते बघायचं आणि मगच ती परत पूर्ण खोलायची. दोनदा खोलावी लागते हे खरं, पण नवा रंग दोनदा करण्यापेक्षा ते लई स्वस्त पडतंय.

टाकीचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट मनापासून सांगतो. पेट्रोलची टाकी रिकामी आहे, वर्षानुवर्षं पडून आहे म्हणून कुणी थेट वेल्डिंगला किंवा ब्रेझिंगला देऊ नका. आत वाफ राहते आणि तिचा स्फोट होतो. साबणाच्या गरम पाण्यानं पुन्हा पुन्हा धुवायची, काम करताना जमेल तेवढी पाण्यानं भरलेली ठेवायची आणि ज्यानं अशा टाक्या आधी केल्यात त्याच्याकडंच द्यायची. आतला गंज काढायला पांढरं व्हिनेगर भरून दोन-तीन दिवस ठेवलं तर चांगला सुटतो, पण नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानं धुऊन, पूर्ण वाळवून लगेच आत टू-टी ऑइल (टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्ये मिसळतात ते) फिरवायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी परत तांबूस थर दिसतो. आणि आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतंय. आपल्याच भागातल्या उसातून बनतंय म्हणून अभिमान आहेच, पण इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि जुनं रबर खराब करतं. त्यामुळं पेट्रोल पाईप, कॉकचं पॅकिंग, कार्बोरेटरचे ओ-रिंग नवे टाका आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी रिकामी करून ठेवा.

कागद आणि चासी नंबर

गाडी विकत घेणार असाल तर आधी आरसी बुक बघा, मग इंजिन. आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून बघा. मालक म्हणतो "कागद करून देतो की" आणि पुढची तीन वर्षं ते कागद येतच नाहीत, हे मी दोघांच्या बाबतीत बघितलंय. २०१९ आणि २०२१ च्या पुरात पंचगंगेच्या पाण्यात बुडालेल्या गाड्याही अजून विकायला येतात. बाहेरून रंग मारलेला असतो, पण हेडलाइटची वाटी उघडली की कोपऱ्यात वाळलेला पिवळट गाळ सापडतो. तसा गाळ दिसला तर क्रँकचं, म्हणजे पिस्टनच्या चालीनं फिरणाऱ्या दांड्याचं, बेअरिंग गेलंय असंच धरून किंमत लावा.

दुसरं म्हणजे सँड ब्लास्टिंग आणि पावडर कोटिंगला फ्रेम देताना चासी नंबरवर उष्णता सोसणारी टेप लावून द्या. जाड कोटिंग बसलं की पंच केलेले आकडे भरून जातात, मग पासिंगला गेल्यावर पेन्सिलनं छाप घेतात तो उमटतच नाही. देण्याआधी छाप कागदावर घेऊन ठेवा, फोटो काढा. नंबरवर ग्राइंडर तर चुकूनही फिरवू नका. रंग बदलणार असाल तर तो आरसीवर चढवून घ्यायला लागतो, हेही बरेच जण विसरतात.

इंजिन

जाम पिस्टन बघितला की माणसाला किकवर उभं राहून उड्या मारायचा मोह होतो. मारू नका. जावा-येझदीत किकची आणि गिअरची लिव्हर एकच असते, ती वाकली किंवा आतली दातेरी झिजली तर वेगळाच खर्च. हेड काढा, सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल मिसळून ओता आणि चार-पाच दिवस विसरून जा. मग लाकडाचा ठोकळा ठेवून हळूहळू ठोका. माझा आठव्या दिवशी सुटला.

खोलताना प्रत्येक पायरीचा फोटो, प्रत्येक भागाचे नटबोल्ट वेगळ्या पिशवीत आणि पिशवीवर चिठ्ठी. सगळे बोल्ट एका डब्यात टाकायची सवय मोडा, लांबी दोन मिलिमीटरनं चुकली तर बोल्ट केसिंगमध्ये तळाला टेकतो आणि ॲल्युमिनियमचे आटे निघून हातात येतात.

बोअरचं, म्हणजे सिलिंडर आतून कापून नव्या पिस्टनच्या मापाला आणायचं काम म्हटलं तर आपण कोल्हापूरकर नशीबवान. उद्यमनगरात अर्ध्या किलोमीटरच्या आत लेथ, बोअरिंग, क्रँक प्रेस करणारे, बुश बनवणारे सगळे सापडतात, आणि कित्येक मिस्त्री असे की हातात पार्ट घेतल्यावरच सांगतात किती झिजलाय. पण त्यांच्याकडं जाण्याआधी पिस्टन विकत घ्या. आधी बोअर करून मग पिस्टन शोधत फिरणं ही चूक दर महिन्याला कुणीतरी करतोच. येझदी बनवणारा म्हैसूरचा कारखाना १९९६ ला बंद झाला, आता बाजारात जे पिस्टन मिळतात ते वेगवेगळ्या ठिकाणी बनलेले, एकाच साइजचे दोन पिस्टन मोजले तरी थोडा फरक येतो. पिस्टन मिस्त्रीच्या हातात द्या, तो मोजून त्या पिस्टनला बोअर करेल. टू-स्ट्रोक आहे तर बोअरनंतर पोर्टच्या (सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या) कडा हलक्या हातानं मोडून घ्यायला सांगा, धारदार राहिल्या तर रिंग अडकून तुटते. पिस्टनवरचा बाण सायलेन्सरच्या बाजूला, रिंगची तोंडं खाचेतल्या बारीक पिनेवर आणि सर्क्लिप (पिस्टनची पिन अडवणारी तारेची कडी) कायम नवी. सर्क्लिप बसवताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा, ती उडून आत पडली तर पूर्ण इंजिन खोलावं लागतंय.

आता क्रँकच्या ऑइल सीलबद्दल, म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंना तेल आणि हवा अडवणाऱ्या रबरी कड्यांबद्दल, जरा जास्त बोलतो, कारण सगळ्यात जास्त लोक इथंच चुकीच्या दिशेला जातात. गाडी सुरू होते, चालते, पण पांढरा धूर थांबतच नाही. मग कुणी म्हणतं ऑइल जास्त पडलं, कुणी म्हणतं रिंग गेल्या, परत बोअर कर. माझ्याही गाडीचा दुसऱ्यांदा बोअर करायची तयारी झाली होती. एका म्हाताऱ्या फिटरनं फक्त विचारलं, "गिअर ऑइल मोजलंय का?" बघितलं तर निम्मं गायब, आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. क्लचच्या बाजूचं सील गेलं की इंजिन गिअरबॉक्सचं तेल आत ओढून जाळतं, तोच तो धूर. आणि डायनॅमोच्या बाजूचं सील गेलं तर तेलाऐवजी हवा आत येते, मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), रेस सोडली तरी इंजिनचा आवाज खाली येत नाही, प्लग पांढरा पडतो आणि एखाद्या लांब चढाला पिस्टन परत जाम. तिथं कार्बोरेटर कितीही फिरवला तरी उपयोग नाही. इंजिन खोललंच आहे तर दोन्ही सील नवे टाका, शे-दोनशे रुपये वाचवण्याची ही जागा नाही. चौदा वर्षं पडून राहिलेलं रबर वरून चांगलं दिसलं तरी आतून कडक झालेलं असतं.

थंड असताना एका किकमध्ये सुरू, दहा मिनिटं चालते आणि गरम झाली की बंद, अर्ध्या तासानं परत सुरू. असं होत असेल तर कार्बोरेटर खोलू नका, आधी इग्निशनच्या पॉइंटला जोडलेला कंडेन्सर बदला. त्याची खूण म्हणजे पॉइंट काळे पडतात आणि प्लगला निळ्याऐवजी पिवळट, अशक्त ठिणगी येते. आणि गाडी ओढत नसेल, पण आवाज दबका येत असेल तर सायलेन्सर काढून बघा, जुन्या टू-स्ट्रोकचा सायलेन्सर कार्बननं गच्च भरलेला असतो.

वायरिंगमध्ये दोन चुका. सहा व्होल्टच्या गाडीत नुसती बारा व्होल्टची बॅटरी टाकायची आणि झालं म्हणायचं. तसं होत नाही, चार्जिंगपासून बल्ब, हॉर्नपर्यंत सगळं बदलावं लागतं. दुसरी चूक पावडर कोटिंगनंतरची. सगळं नवं असूनही लाइट मिणमिणते, हॉर्न वाजला की इंडिकेटर मरतो, लोक आठवडाभर वायर शोधत बसतात. पावडर कोटिंग वीज वाहू देत नाही. जिथं अर्थची वायर आणि इंजिनचे बोल्ट बसतात तिथलं कोटिंग खरवडून स्वच्छ लोखंड उघडं करा, काम होऊन जातंय.

ब्रेक ड्रम उघडल्यावर आतली धूळ फुंकर मारून किंवा एअर प्रेशरनं उडवू नका. जुन्या ब्रेक शूजमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं, ते फुफ्फुसात गेलं तर बाहेर येत नाही. ओल्या फडक्यानं पुसा आणि फडकं टाकून द्या.

कापायच्या आधी

कॅफे रेसर (आखूड मागची बाजू, खाली वाकलेलं हँडल अशी रेसिंग छापाची गाडी) करायचाय म्हणून मागची फ्रेम कापणारी पोरं बघितली की खरंच पोटात तुटतं. मॉडिफाय करायला माझा विरोध नाही, हँडल बदला, सीट बदला, लाइट बदला, पण जे नटबोल्टनं परत मूळ जागी येईल तेवढंच करा. फ्रेम कापली की परत येत नाही. कायद्यानंही आरसीत आणि कंपनीनं दिलेल्या तपशिलात फरक पडेल असा बदल चालत नाही. शिवाय २०२१ पासून पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, नंबरात ‘व्हीए’ येतं, पण चासी-इंजिनमध्ये मोठा बदल केलेल्या गाडीला ती मिळत नाही. आज घरात सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीची जावा असेल तर तिची ती वेळ आलीच आहे. एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर लावणाऱ्यांनी कार्बोरेटरमधला पेट्रोल सोडणारा जेट पण मोठा करा, नाहीतर मिश्रण पातळ होऊन पिस्टन परत जाम.

रंगाचं काम पावसाळ्यात काढू नका. आपल्याकडं आषाढ-श्रावणात हवेत एवढा ओलावा असतो की रंगावर पांढुरकी झाक येते, आणि सँड ब्लास्ट केलेली फ्रेम एका रात्रीत तांबूस होते. ब्लास्टिंग झालं की त्याच दिवशी प्रायमर, आणि रंग दिवाळीनंतर.

गाडी तयार झाली की पहिल्याच रविवारी मित्रांना घेऊन पन्हाळ्याचा घाट चढायचा बेत करू नका. नवा बोअर आहे, पहिले पाचशे किलोमीटर रंकाळ्याला चक्कर, कळंब्यापर्यंत जाऊन येणं, असं सपाटीवर, रेस कमी-जास्त करत चालवा आणि मध्ये गार होऊ द्या. लिटरला चाळीस मिली टू-टी ऑइल, मापानं, अंदाजानं नाही. शंभर किलोमीटर झाल्यावर हेडचे नट थंड इंजिनवर परत टॉर्कला बघा आणि प्लग काढून रंग बघा. फिकट चॉकलेटी दिसला की मग घाटाचा विचार. माझ्या येझदीनं जोतिबाचा चढ पहिल्यांदा चढला तेव्हा मामा मागं बसले होते, आणि वर पोचल्यावर उतरून त्यांनी आधी गिअर ऑइलच तपासलं.