पाचट ठेवलं, तरी खोडवा पिवळा का पडतो?

ऊसतोडणी झालेल्या फडातलं पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवू नका, एकरी तीन-चार टन सेंद्रिय माल असतो तो. मात्र पाचट ठेवून खोडवा, म्हणजे तोडलेल्या उसाच्या बुडख्यांतून फुटणारं पुढचं पीक, पिवळा पडल्याची तक्रारही खरी आहे. तिचं मूळ जिवाणूंच्या खाण्यात आहे.

पाचट कुजवणारे जिवाणू त्यातला काही कर्ब जाळून ऊर्जा मिळवतात आणि काही कर्बातून अंग बांधतात. अंगात साधारण आठ भाग कर्बाला एक भाग नत्र हवं; पाचटात ते शंभराला एकच्या आसपास. कमी पडलेलं नत्र ते जमिनीतून ओढतात, तेही नेमकं फुटवे येताना.

म्हणून बुडखे जमिनीलगत छाटून पाचट सरीत दाबा. टनामागे ८ किलो युरिया आणि १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट पसरा. पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक टनामागे १ किलो, चाळलेल्या शेणखतातून वेगळं टाका, खतात कालवू नका, आणि लगेच पाणी द्या. बुडख्यांवर कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक मारायचं असेल तर संवर्धक त्याच दिवशी नको, कारण बहुतेक संवर्धकांत बुरशीही असते.

पिकाचा खताचा हप्ता मात्र पाचटावर फेकू नका. वर पडलेल्या युरियाचा अमोनिया होऊन उडतो, उरलेला कुजवणारे जिवाणू उचलतात. पहारीने बुडख्यापासून अर्धा फूट अंतरावर, अर्धा फूट खोल भोक घेऊन खत भरा आणि माती लोटा.

खाली मातीत नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर हे जिवाणू अमोनियाचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. यांना पाचट लागत नाही: पहिला अमोनियापासून, दुसरा नायट्राइटपासून ऊर्जा घेतो, कर्ब हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमधून. प्राणवायू मात्र हवाच. सरी तुडुंब भरून ठेवली की हे थांबतात आणि दुसरेच जिवाणू पुढे येतात. ते प्राणवायूऐवजी नायट्रेटवर श्वास भागवतात, नत्र वायू होऊन निघून जातं. पंचगंगाकाठच्या भारी काळ्या रानात हा तोटा जास्त. वाफसा, म्हणजे मातीत ओल आणि हवा दोन्ही असण्याची स्थिती, आल्याशिवाय दुसरं पाणी सोडू नका.

शिरोळकडच्या चोपण (सोडियम साठलेल्या), चुनखडीच्या रानात खोडवा मोडून गंधक टाकणार असाल तर लागणीआधी काही आठवडे मातीत मिसळा आणि ओल राखा. थायोबॅसिलस हा जिवाणू गंधकापासून ऊर्जा घेताना आम्ल तयार करतो, त्यात चुना विरघळून कॅल्शियम सुटतं आणि सोडियमची जागा घेतं. सुटलेलं सोडियम वाहून न्यायला चर नसेल, तर आधी चर काढा.