हेडलाइटचे बल्ब सारखे उडत होते: दोष रेग्युलेटरमध्ये निघाला

लक्षण: गाडीच्या दोन्ही बाजूंचे एच४ (६०/५५ वॅट) हॅलोजन बल्ब काही आठवड्यांत उडायचे. फिलामेंट तुटलेली, काच आतून काळपट. कंपनी बदलली, होल्डर बदलले, काचेला बोट न लावता बल्ब बसवले; फरक शून्य. अक्षरशः वैताग आला होता.

दोन्ही बाजूंचे बल्ब उडत असतील तर आधी व्होल्टेज बघा. मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून बॅटरीच्या टर्मिनलवर लावा. इंजिन बंद असताना १२.६ च्या आसपास, २००० आरपीएमला (इंजिनचे मिनिटाला २००० फेरे) १३.८ ते १४.५ हवं. इथे १५.३ दिसलं. व्होल्टेज पाचच टक्के वाढलं तरी हॅलोजनचं आयुष्य साधारण निम्मं होतं, म्हणजे कारण सापडलं.

लगेच अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलू नका. इंजिन चालू ठेवून बॅटरीची निगेटिव्ह आणि अल्टरनेटरची बॉडी यांच्यातला फरक मोजा, ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर अर्थिंगची वायर आधी साफ करा. इथे अर्थिंग ठीक होतं.

मग बॅटरीची निगेटिव्ह काढली, अल्टरनेटर उतरवला, मागचं कव्हर उघडून कार्बन ब्रशसकट रेग्युलेटर (अल्टरनेटरचं व्होल्टेज मर्यादेत ठेवणारा भाग) बदलला. स्लिप रिंगवर (ब्रश जिच्यावर घासतात ती फिरती कडी) खोल चर नाहीत ना, तेही याच वेळी पाहून घ्यावं. जोडणी झाल्यावर २००० आरपीएमला १४.२ व्होल्ट. नवे बल्ब त्यानंतरच बसवले आणि ते टिकलेत.

एकाच बाजूचा बल्ब उडत असेल तर मात्र सैल क्लिप, फाटलेलं रबर कव्हर आणि आत साचलेला ओलावा तपासा.